शिव्या गाळून सांगणारे काओसाहेब

मंडळाच्या सभासदांनो, गेल्या गणपतीत ज्यांना तुम्ही माइकवरून ‘चीनचे पाहुणे’ म्हणालात ते काओसाहेब तैवानचे आहेत, हे मी केव्हापासून सांगते आहे. आरत्या सगळ्या पाठ, पाहुण्यांचा देश मात्र प्रसादाबरोबर पोटात गेला. साहेब हात जोडून हसले, एवढंच. आता त्यांना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, तेव्हा या अंकात तरी नीट छापा. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे, सूनबाई लिहून घेते आहे. चूक निघाली तर तिची.

आमची ओळख जवळ्यामुळे झाली. इथे दुबईत, अल मनखूल भागातल्या आमच्या इमारतीत मी सुका जवळा परतायला घेतला की शेजारची दारं धडाधड बंद होत. एके दिवशी समोरचं दार उघडलं आणि टाय लावलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. तक्रारच आली असं समजून सूनबाईने आधीच सॉरी म्हणून टाकलं. साहेबांनी विचारलं, लसूण आधी घालता की नंतर? त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्ही दुकानातलं, म्हणून जमलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान, पण इमारतीतल्या सगळ्यांसारखे तेही मला आजीच म्हणतात.

आपल्या गावचे ते नगराध्यक्ष होते, पुढे खासदार झाले, मग पडले. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, जिथे मतं मागितली होती त्याच घरांत आभार मानायला गेले. तिथल्या म्हाताऱ्या चहा ओतत बोलत, साहेब ऐकत. खरं राजकारण तिथे शिकलो, असं ते सांगतात. नंतर सरकारने त्यांना परदेशी धाडलं. शेवटची नेमणूक दुबईची. त्यांच्या देशाची इथे वकिलात नाही, नुसतं ऑफिस. गाडीवर झेंडा नाही, राजदूत म्हणायचं नाही. मग तुमचं ऐकतं कोण, असं मी विचारलं. म्हणाले, ‘झेंडा नसला की आधी आपण ऐकावं लागतं, आजी.’

त्याच सुमारास माझा नातू नितीन एका तैवानी मालकाच्या बोटीवर अडकला. करार संपला तरी उतरवत नव्हते. बोट फुजैराह बंदरासमोर उभी, प्यायचं पाणी मोजून मिळे. फोनवर त्याचा आवाज ऐकून सूनबाईचं जेवण सुटलं. कंपनीचं रोज इन्शाल्ला, उद्या. साहेबांनी पत्रं धाडली, पण मालक फोनवर येईना. तेव्हा साहेबांनी मालकाच्या आईचा नंबर मिळवला, फोन लावला आणि मला म्हणाले, बोला.

मी तिच्या लेकाच्या सात पिढ्यांपासून सुरुवात केली. शेजारी बसून साहेब तिच्या भाषेत शांतपणे सांगत होते. इकडे माझ्या शिव्या रंगात आलेल्या आणि तिकडे ती म्हातारी मुसमुसत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं,

‘मी बोलले ते सगळं सांगितलंत?’

‘उपयोगाचं सांगितलं.’

‘म्हणजे काय?’

‘नातू पाण्यात आहे, आजीला झोप नाही.’

आठवडा सरायच्या आत नितीन दारात उभा होता. मंडळ सत्कार करायला निघालं तर साहेबांनी थांबवलं. गाजावाजा झाला तर त्या माउलीला लाज वाटेल, म्हणाले. आता साहेबांनी विचारल्यावर तिनेच परवानगी दिली, म्हणून सांगते.

साहेब आता निवृत्त आहेत, लेकीजवळ इथेच राहतात. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण दात शाबूत आहेत. ते तसेच राहोत आणि साहेब शंभरी पाहोत. पुढच्या महिन्यात ते गावी जाऊन येणार, त्या म्हातारीलाही भेटणार. तेव्हा शाल-नारळ पुरे झाले. जवळ्याची चटणी पाठवा, कोरडी, खोबरं न घालता, म्हणजे टिकेल. डबे दोन करा. साहेबांचा झणझणीत चालेल. म्हातारीच्या डब्यात तिखट बेताचं घाला. माझं तिखट तिला अजून ठाऊक नाही.