न हलणारी पिवळी

सगळी गल्ली त्याला 'हलूनका' म्हणायची. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं, आणि त्याचा रागही नव्हता. पासपोर्टच्या फोटोंचं दुकान त्यानं चौतीस वर्षं चालवलं. दिवसातून शंभरदा "हलू नका" म्हणणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? पुढे कचेऱ्या खिडकीवरच फोटो काढायला लागल्या आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. शटर ओढून त्यानं कॅमेरा घरी आणला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात बोलायला भिंती तेवढ्या होत्या.

घरामागे चार पावलांची बाग होती. तिथे त्यानं मातीच्या पसरट थाळीत पाणी भरून ठेवलं, बाजूला दाणे टाकले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत कॅमेरा लावून बसला. पक्षी आले. शेंदरी छातीचा, गर्द निळ्या पाठीचा, आणि एक पिवळीधमक. खरी नावं त्याला कुठली ठाऊक? शेंदऱ्या, निळ्या, पिवळी, अशी त्यानंच ठेवून टाकली. पण फोटो म्हणाल तर पहिलं वर्षभर नुसत्या शेपट्या आणि रिकाम्या फांद्या. जन्मभर स्टुलावर बसलेली माणसं टिपणाऱ्याला उडणारं काय सापडणार! वैतागून तो खिडकीतून ओरडायचा, "अहो, जरा थांबा ना!" पक्ष्यांनाही अहोजाहो. फसलेले फोटो एका खोक्यात पडत गेले.

दुसऱ्या वर्षी नशीब फळफळलं. पक्षी थांबायला लागले. पिवळी तर थाळीच्या काठावर पिसं फुलवून, गोल गरगरीत होऊन अर्धा अर्धा तास बसायची. तो कॅमेरा घेऊन बाहेर आला तरी उडायची नाही. दोन हातांवरून त्यानं तिचा फोटो काढला, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, आणि त्याला भरून आलं. आपली ओळख पटली, असं वाटलं त्याला. थाळी तो कधी घासायचा नाही, वरून पाणी ओतायचा, कारण काठावरचं हिरवं शेवाळं फोटोत फार छान दिसायचं.

आठवड्यानं पिवळी कुंपणाखाली मरून पडलेली सापडली. त्याआधीही दोन-तीन पक्षी तसेच सापडले होते. त्यानं सगळं खापर शेजारच्या काकूंच्या मांजरावर फोडलं. भर गल्लीत असा काही तमाशा केला, की काकूंनी मांजर लांब कुणालातरी देऊन टाकलं आणि याच्याशी बोलणं सोडलं.

त्याची भाची जनावरांची डॉक्टर. एका रविवारी ती आली, तेव्हा त्यानं तिला बैठकीची भिंत दाखवली. बावीस फोटो, सगळे चौकटीत.

"बघ कसे बसलेत! तुझी आई नाही बसली कधी माझ्यासमोर इतकी शांत."

ती हसली नाही. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ जाऊन एकेक फोटो पाहू लागली.

"मामा, हे असेच बसायचे?"

"तासन् तास! माणसाळलेत गं."

"मामा, आजारी आहेत हे. उडायची ताकद उरली नाही की असे पिसं फुलवून बसतात. या पिवळीच्या चोचीपाशी ओलं दिसतंय ना? तिला गिळता येत नव्हतं. एकाला झालं की पाण्यातून बाकीच्यांना होतं."

"कुठल्या पाण्यातून?"

 ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या थाळीकडे बघत राहिली.

 त्यानं विचारलं, "यातलं धडधाकट कोण?" तिनं भिंतीवरून पुन्हा नजर फिरवली आणि नकारार्थी मान हलवली. मग तो उठून ते खोकं घेऊन आला. हललेल्या शेपट्या, पुसट पंख, रिकाम्या फांद्या. तिनं ते चाळलं. "हे बरे होते," ती म्हणाली.

"आता काय करू?"

"थाळी काढ, दाणे बंद. महिनाभर एकालाही इथे जमू देऊ नकोस. आले तर हाकल."

थाळी त्यानं त्याच दिवशी फोडली. मग काकूंच्या दाराशी जाऊन म्हणाला, "मांजराचा दोष नव्हता." काकूंनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी आले. थाळीच्या जागी उतरले, ओल्या मातीत चोची मारू लागले. त्यानं पत्र्याचा डबा बडवला. ते उडाले, परत आले. निळ्या तर खिडकीच्या गजावर येऊन आत डोकावला, चांगला तरतरीत, नुसता टणाटण उड्या मारत. त्याच्याही तोंडावर त्यानं डबा बडवला. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशीही नाही.

रविवारी भाचीचा फोन आला. "मामा, येतात का अजून?"

"नाही गं. एकही नाही."

"वा, फार छान झालं!" ती मनापासून म्हणाली.

तो "हो" म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधीच त्याला हुंदका फुटला.