उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्याकडे

वाटूरचे सर कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा मोजत नसत, आणि पहिल्यांदाही पूर्ण मोजत नसत. एक स्वतः उचलायची, बाकीच्या शेजाऱ्याच्या हातात द्यायच्या. आमच्या गावात पंचायतीच्या खोलीत ते कम्प्युटरचा क्लास घेत. यादीत मोसंबी किती वेळा आली, डाळिंब किती वेळा, हे पुस्तकात लूप लावून काढलं होतं. एकानेच सगळी यादी फिरायची आणि रेघा ओढायच्या. सरांना ते पटत नसे. "एकट्याला कशाला राबवता? आपण एक बघायचं, बाकीचं पुढच्याला विचारायचं. त्याचं उत्तर आलं की आपलं एक मिळवायचं." याला ते रिकर्शन म्हणत.

एकदा ग्रामसभेत विषय निघाला की ती खोली क्लासलाच ठेवायची, खताचं गोदाम करायचं, की वाचनालय. लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि सरपंचांनी मोजायला सरांनाच उभं केलं. सरांनी वरची चिठ्ठी घेऊन गठ्ठा माझ्या अब्बांकडे दिला. अब्बांनी एक ठेवून पुढे सरकवला. गंगूमावशींपर्यंत येता येता गठ्ठा संपला. त्यांनी जाहीर केलं, "माझ्याजवळ काईच न्हाई. तिन्ही शून्य." तिथून आकडे उलटे निघाले आणि जो तो आपली चिठ्ठी मिळवून मागे सांगू लागला.

रहीमचाचांच्या खुर्चीपाशी आकडे अडले. चाचा चिठ्ठी खिशात घालून भोकरदनच्या बसने औषध आणायला गेले होते. ज्यांची पाळी यायची होती त्यांना सरांनी उठू दिलं नाही. ते मूठ आवळून बसून राहिले. सरपंच म्हणाले, एक चिठ्ठी सोडून द्या.

"मंग ती मोजणी कशाची?" म्हणत सरांनी मोटारसायकल काढली.

तासाभराने चाचा मागच्या सीटवर बसून आले. मी कुणाचं काय घेऊन गेल्तो, असं वाटभर विचारत होते म्हणे. त्यांच्या खिशातून गोदाम निघालं. शेवटी अब्बांनी सरांना आकडे सांगितले, सरांनी आपली चिठ्ठी मिळवली: गोदाम सत्तावीस, क्लास सव्वीस, वाचनालय एक. ती चिठ्ठी बसमध्येच राहिली असती तर बरोबरी झाली असती. सर म्हणाले, "बराबर आलं," आणि निकाल फळ्यावर लिहिला.

आठवड्याने कम्प्युटर टेम्पोत चढवताना मी विचारलं, वाचनालयाला कोणी दिलं असेल?

सर वायर गुंडाळत होते. "मी. आपल्याच क्लासला आपण कसं मत द्यायचं?"

अब्बा तिथेच कीबोर्ड घेऊन उभे होते. त्यांनी गोदामाला दिलं होतं.