तपासण्या वगळून

माझा कंपायलर माझ्याखालोखाल कोणी वापरला असेल तर माझ्या मैत्रिणीने. म्हणूनच तिच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

आम्ही दोघी कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी पेडण्यातल्या इब्रामपूरची, ती डिचोलीतल्या पाळीची. शिक्षण संपल्यावर पुण्या-बंगळूरला जायचं दोघींनाही नव्हतं. डिचोलीच्या बाजारात कापडाच्या दुकानावरची एक खोली घेतली आणि शेतीच्या पंपांचे छोटे कंट्रोलर बनवायला लागलो. लोकांशी बोलणं, बोर्ड जोडणं, पंपावर जाऊन तो बसवणं हे तिच्याकडे. प्रोग्राम माझ्याकडे.

प्रत्येक पंपाचे नियम वेगळे. दर वेळी सी भाषेत तेच तेच लिहून मी कंटाळले आणि स्वतःची एक लहानशी भाषा तयार केली. तिच्यात ‘पाणी या खुणेखाली गेलं तर पंप बंद’ एवढंच सरळ लिहायचं. माझा कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम, त्याचं सी करून द्यायचा आणि मग ते बोर्डात जायचं. सी तयार करताना तो आपण होऊन आणखी एक काम करायचा. पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरकडून आलेला आकडा खरा असू शकतो का, हे तपासणाऱ्या ओळी तो मध्ये मध्ये घालायचा. आकडा वेडावाकडा आला की पंप थांबायचा.

कमांड लाइनवर कंपायलरच्या नावापुढे दोन आडव्या रेघा मारून त्याला हवे ते पर्याय देता यायचे. एक दिला की तो नुसतं सी तयार करून थांबायचा. दुसरा दिला की सीची फाइल काम झाल्यावर पुसून न टाकता ठेवून द्यायचा. आणि एक होता ‘नो-चेक्स’. तो दिला की तपासणीच्या सगळ्या ओळी गळून जायच्या. खोलीत मेजावर बोर्ड चालवून बघताना सेन्सर जोडलेला नसे, तेव्हा तपासण्या आम्हाला पुढेच जाऊ देत नसत, म्हणून तो ठेवला होता.

“हा फक्त मेजावर हां,” मी तिला म्हटलं होतं. “पंपावर कधीच नाय.”

“माका तितकीय अक्कल ना काय गो?” ती हसली होती.

पाळीचं काम तिनेच आणलं. बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साठतं, ते उपसून खालच्या वायंगणाला, म्हणजे पावसानंतरच्या भाताला द्यायचं. शेतकरी सगळे तिच्या ओळखीचे, कोणी काका, कोणी मामा. पंप सुरू झाला त्या दिवशी तिला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं आणि मी बाजूला उभी राहून खूश झाले.

थोड्याच दिवसांत तक्रार आली, पंप मध्येच थांबतो. मी जाऊन पाहिलं. खाणीचा तांबडा गाळ सेन्सरवर बसत होता आणि वायरीचा जोड ओला होत होता. कंपायलरने घातलेली तपासणी आपलं काम चोख करत होती. मी मैत्रिणीला सांगितलं, सेन्सर पाइपात घाल आणि वायर नवी ओढ. पुढच्या आठवड्यात ती जिना चढताचढताच ओरडली, “वायर बदलली गो! आता एकदाही थांबला नाय.” आम्ही खाली जाऊन भाजी-पाव खाल्ला.

भात पोटरीला आलं त्या सुमाराला खड्ड्यातलं पाणी उपसा पाइपाच्या तोंडाखाली गेलं. पाइप आणखी खाली सोडेपर्यंत पंप थांबायला हवा होता, तो थांबला नाही. कोरडाच चालत राहिला आणि मोटर जळली. दुसरी मिळेपर्यंत मळ्याला भेगा पडल्या. दाणा भरलाच नाही.

देवळाच्या मंडपात बैठक बसली. मला वाटलं, आम्ही दोघी मिळून काय ते सांगू. पण ती आधी उठली.

“बोर्ड बरोबर आहे,” ती म्हणाली. “प्रोग्राम हिचा. ही स्वतःचाच कंपायलर वापरते. तो अजून कच्चा आहे. मी हिला सांगितलं होतं.”

तिने मला असं कधीच काही सांगितलं नव्हतं. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. “माझी चूक असेल तर मी शोधून काढते,” एवढंच मला सुचलं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, असेलही. आपण लिहिलेल्या कंपायलरची खात्री कोण देणार?

खोलीवर येऊन मी शोधायला बसले. पाळीचा प्रोग्राम घेतला, त्याचं सी ओळ न ओळ वाचलं. बोर्डाला खोटे आकडे दिले, उणे, अवाढव्य, काहीही. दर वेळी पंपाची वीज तोडणारा रिले टक् करून सुटायचा आणि पंपाच्या जागी लावलेला दिवा विझायचा. पाळीत घडलं ते मला काही केल्या घडवता येईना. शेवटी करून बघण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही, म्हणून मी तोच प्रोग्राम ‘नो-चेक्स’ लावून चढवला. पाणी भरपूर आहे असं सांगणारा तोच अवाढव्य खोटा आकडा दिला. दिवा जळत राहिला.

मी जनेल उघडून उभी राहिले. खाली अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकणारी बाई गिऱ्हाइकाशी भांडत होती, ते भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं.

मैत्रीण आली तेव्हा दिवा जळतच होता. तिने मेजाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

“वायर बदलली नव्हतीस,” मी म्हटलं.

“रोज फोन यायचे गो. पंप थांबला, पंप थांबला. मला वाटलं, भात कापेपर्यंत निभेल.”

“आणि मंडपात?”

ती खुर्चीवर बसली. “सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला अंगाखांद्यावर वाढवलंय. काय बोलू मी?”

“मला कच्ची म्हणालीस.”

“कंपायलरला म्हणाले. तुला नाही.” मग हळूच म्हणाली, “तू समजून घेशील असं वाटलं.”

ते ती मनापासून बोलत होती. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि एक बोर्ड घेऊन मी पाळीला गेले. पंपाची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्या काकांनीच मंडपातली बैठक बोलावली होती. त्यांच्या सोप्यावर मी दोन्ही प्रकार चालवून दाखवले. तपासण्यांसकट दिवा विझला, तपासण्या वगळल्यावर जळत राहिला. त्यांनी शांतपणे बघून घेतलं.

“आमकां खबर आसा, बाय,” ते म्हणाले. “ती लॅपटॉप घेवन पंपार आयिल्ली. वायर कोणेंच बदलूंक ना. हांव थंयच आशिल्लों.”

“तुम्ही स्वतः तिथे होतात, मग बैठकीत बोलला का नाहीत?”

त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून चहा सांगितला. “तें आमच्या गांवचें चेडूं,” ते म्हणाले. “ताका सगळ्यांमुखार कशें उगडें पाडचें? तूं काय, आज येतलें, फाल्यां वतलें.”

ती त्यांच्या गावची पोर, मी आज आलेली, उद्या जाणारी. चहा आला. मी तो घेतला. नको म्हणायचं सुचलं नाही. उतरणीवरून बसस्टॉपकडे येताना मळ्यात दोघं-तिघं वाळलेलं भात गुरांसाठी कापत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली वाकले.

खोली आम्ही सोडली. बोर्ड तिने नेले, कंपायलर माझ्याकडे राहिला. भांडण असं झालंच नाही. वस्तू वेगळ्या करताना ती रडत होती आणि मी वायरी गुंडाळत होते. पाळीतला पंप आता माणूस जाऊन हाताने चालू-बंद करतो, असं ऐकलं.

मध्यंतरी पेडण्यात एका कुळागराच्या मालकाने मला पंप बघायला बोलावलं. माडापोफळींतून फिरवून झाल्यावर त्याने विचारलं, “पाळीची मोटर जळली ती तुझ्याच प्रोग्रामान मगे?”

“नाही,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली, मला शहाळं काढून दिलं, आणि काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं.