शालनचं पहिलं वाक्य

ट्रंकेतून हिरवी नऊवारी काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि तीस वर्षांपूर्वीचा, महिला मंडळाच्या नाटकाचा पहिला प्रयोग आठवला. मी चौथी शिकलेली, धड वाचता येणार नाही म्हणत मंडळानं मुख्य काम जास्त शिकलेल्या शालनला दिलं. साडी मात्र माझी नेसवली. तालमी ऐकून ऐकून तिचं सगळं काम मला पाठ झालं होतं.

विंगेत मी तिचा काष्टा खोचत होते, तोच तिनं माझा हात धरला.

"अगं, पहिलं वाक्यच आठवेना! सांग ना!"

"मला कुठं धड वाचता येतं, बाई?"

तिसरी घंटा झाली. ती रडायला लागली, तेव्हा सांगितलं. टाळ्या तिला मिळाल्या.

परवा शालन पंचवटीत भेटली. मी ते वाक्य विचारलं, तर तिला आठवेना.

"तुला आठवतंय का गं?"

या वेळी मी सांगितलं नाही.