दोन तासांनंतरचा आकडा

डोळे मिटतात, पूर्ण मिटत नाहीत. दुपारचे तीन. आज माझ्या नणंदेचं, कुमुदवन्संचं श्राद्ध. त्यांच्या आवडीच्या पुऱ्या, वडे वनस्पती तुपात तळले. मीही चार पुऱ्या जास्तच खाल्ल्या. दोन तासांनी, आत्ता, साखर बघायला मधलं बोट टोचलं.

१३८.

वहीत लिहिलं. उद्या डॉक्टर वही बघणार. आकडे असेच असले तर माझी गोळी अर्धी.

पंखा फिरतोय. पंखा नाही,

कढई. वन्सं स्टुलावर, हातात झारा.

"शालन, अजून मला तळूनच घालतेस?"

तुम्हाला आवडायचं, मी म्हणते. गोड तर कधी दिलं नाही. साखरेचा डबा कुलपात, किल्ली माझ्या कमरेला.

"साखरेला पहारा. तुपाला मोकळं रान."

स्टूल लांबतं, दवाखान्याचं बाकडं होतं. त्यावर त्यांची जुनी वही, अक्षर माझं. १४०. १३५. १४२. याच आकड्यांवर त्यांची गोळी कमी झाली होती. मग किडन्या गेल्या.

"आकडे खरे होते, वन्सं."

"दोन तासांचे खरे. चार तासांनी कधी टोचलंस?"

तळलेलं पोटात रेंगाळतं, त्या सांगतात. साखर उशिरा चढते आणि उतरायला मागत नाही. असलं थिजणारं तूप वर्षानुवर्षं खाल्लं की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. त्यापेक्षा शेंगदाण्याचं, करडईचं तेल बरं, तेही बेतानं. हे कुठं शिकलात, मी विचारते. आता वेळच वेळ आहे, म्हणतात.

बाकडं तिरकं होतं. आमच्यामध्ये कढई. तूप गार, पांढरं. झारा त्यात उभा राहिलाय. मला एकच विचारायचंय. 



"मी मारलं का तुम्हाला?"

 

"बोट दे."

"मघाशी टोचलंय."

"दुसरं दे."

टोचतात,

पाच वाजलेत. पंखा. पंखाच.

मधल्या बोटावरचा ठिपका वाळलाय. शेजारच्या बोटावर ताजा थेंब. सुई डबीत, डबी कपाटात.

थेंब सुकायच्या आत उठते. पट्टीला लावते.

२६१.

१३८च्या खाली लिहिते. वेळेसकट.