मोटारीच्या खिडकीतला अंतरपाट

दादाच्या लग्नात मी करवली होते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे समजावून सांगायची सगळी कामं माझ्याकडे येतात. नवरीच्या घरीही मीच फोनवर कळवलं होतं की नवरदेव जुन्या मोटारीतून येईल आणि मोटार ट्रेलरवर येईल. यात काही चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

मोटार शेटची. बाबा रोह्याजवळ त्यांच्या फार्महाउसवर बाग सांभाळतात. ती काळी मोटार दादाने लहानपणापासून नुसती पुसली होती. लग्नाच्या दिवशी सगळ्यांदेखत तिच्यातून ऐटीत उतरायचं, एवढीच त्याची इच्छा. शेट हो म्हणाले, पण हायवेच्या खड्ड्यात तिचं चाक पडता कामा नये. तेव्हा आमच्या वरसे गावाहून ती जीपमागच्या ट्रेलरवर न्यायची आणि गडबला नवरीच्या मांडवापाशी खाली घ्यायची असं ठरलं.

निघताना ड्रायव्हर म्हणाला, "नवरदेव, तुम्ही जीपमध्ये बसा. मोटार मी चढवतो."

आत्या मध्ये पडली. "ओवाळून मोटारीत बसवलाय त्याला. आता मांडवाच्या दारातच उतरंल."

"आत्याबाई, ट्रेलरवर मोटारीचं दार उघडत नाही. ट्रेलरच्या चाकांवरचे मडगार्ड आडवे येतात."

"मग? तिकडं मोटार खाली घेणार हायस ना?"

ड्रायव्हर कपाळाला हात लावून मोटार चढवायला गेला.

तारेच्या दोराने मोटार हळूहळू वर ओढली गेली. आत मागच्या सीटवर दादा आणि मी. "विमानात बसल्यासारखं वाटतंय गो," दादा म्हणाला. विमानात आमच्यापैकी कोणीच बसलेलं नाही. अष्टमीच्या पुलावर लोक वळून बघायला लागले, तसा दादा ताठ झाला. तेवढ्यात एक काका ओरडले, "गाडी बिघडली काय रे? रिक्षा बघू का?" त्यानंतर नागोठण्यापर्यंत दादा सीटवर खाली घसरून बसला.

गडबला पोचलो तर मांडवाची कमान उतरवून बाजूला ठेवलेली. नवरीचे काका कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होते.

"हा ट्रेलर? आम्हाला वाटलं, कंपनीचा पत्रा नेतो तो ट्रेलर! सकाळपासून चार पोरं लावली कमान काढायला."

"कमान काढा असं मी म्हटलं नव्हतं," मी खिडकीतून म्हणाले. बहुतेक कोणाला ऐकू गेलं नाही.

मग ड्रायव्हर ट्रेलरच्या मागे गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. "ताई, मोटार उतरवायच्या लोखंडी पाट्याच नाहीत. मोटार चढवल्यावर तुमच्याकडं चहाला बसलो, तेव्हा पोरांनी आत सरकवल्या असतील असं वाटलं मला."

मी वरसेला शेजारच्या काकींना फोन लावला.

"व्हय गो, हायत ना! आपल्या गटारावर टाकल्यात. बायकांना दारच्या मांडवात यायला इतकं बरं पडलं. मजबूत हायत पण!"

काकींच्या मुलाला पाट्या टेम्पोत घालून निघायला सांगितलं. पण वरसेहून येईपर्यंत मुहूर्त टळणार होता. नवरीच्या काकांनी मांडवातली फळी आणली. ड्रायव्हर म्हणाला, ही मोटारीखाली मोडली तर शेट मला मोडतील. कोणी म्हणालं, नवरदेव खिडकीतून काढा. खिडकी एवढीशी, आणि दादा... दादा अंगाने भरलेला आहे. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

शेवटी भटजीच उठले. त्यांनी खिडकीतून आत डोकावून बघितलं. जुन्या मोटारीच्या खिडक्यांना कापडी पडदे होते.

"हा पडदा सरकतो का?"

"सरकतो," मी म्हणाले.

"मग हाच अंतरपाट. नवरीला आणा."

नवरीच्या मामांनी मडगार्डवर पाट ठेवला, तिला वर चढवली आणि मागून घट्ट धरून उभे राहिले. आतून पडदा धरायचं काम माझ्याकडे आलं. मंगलाष्टकं सुरू झाली. टपावर अक्षता गारांसारख्या वाजत होत्या. अंतरपाटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बघायला मिळालेली करवली मी तरी दुसरी ऐकलेली नाही. आत दादा डोळे गच्च मिटून बसला होता. बाहेर वहिनी ओठ चावून हसू दाबत होती, आणि तिच्यापेक्षा मामाच जास्त हलत होते. शेवटचं "सावधान" झालं, मी पडदा सोडला. दादाने हार घालायला हात बाहेर काढले, तर तिने आधी त्याचा वाकडा झालेला फेटा सरळ केला.

पाट्या आल्या तेव्हा पंगत बसली होती. मोटार खाली आली, दार उघडलं आणि दादा उतरला. एक पाय, मग दुसरा, मग मान वर. इतक्या ऐटीत मी त्याला कधी बघितलं नव्हतं. पण समोर कोणीच नव्हतं. सगळे मसालेभातावर. दादाचे खांदे पडले.

वहिनी मात्र मांडवाच्या खांबापाशी उभी होती. तिने कमरेचा मोबाइल काढला.

"अहो, परत आत बसा. मला नीट दिसलं नाय."

दादा परत आत बसला.