लागत नसेल तर

माझी मावशी पाळणाघरात कामाला आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत ती ठार वेडी आहे. हे मी कौतुकाने नाही, वैतागून सांगतेय. स्वतःचं मूल नाही, पण दुसऱ्यांची इतकी पोरं अंगाखांद्यावर वाढवली, की तिचा दुधाचे डाग नसलेला एक झंपर शोधून सापडायचा नाही. त्यातला एक गोबरा, सगळे त्याला ‘गोळा’ म्हणायचे, तो झोपायचा फक्त मावशीच्या डाव्या हातावर. दुसऱ्या कुणी घेतलं की घर डोक्यावर घ्यायचा.

नेमका त्याच हाताला, कोपराच्या वाकणात, नायटा उठला. पाळणाघराच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, “बरं होईपर्यंत मुलांना हात लावायचा नाही. तुम्ही मागे धुणं बघा.” गोळा पुढच्या खोलीत रडायचा आणि ही मागे दुपटी पिळत रडायची.

कातडीच्या डॉक्टरांनी बुरशीवरचं मलम दिलं. “त्यात गवती चहाच्या तेलाचा एक थेंब मिसळा,” ते म्हणाले. “दोन्ही मिळून बुरशीला भारी पडतात असं प्रयोगांत दिसतंय. पण तेल जहाल असतं, जपून.” बाहेर नर्सबाईंनी घाईघाईत पुन्हा बजावलं, “लागलं तर तेल बंद करा. लागत नसेल तर एकाचे दोन थेंब चालतील.” मावशीने शहाण्यासारखी मान डोलावली.

नंतर मी फोनवर विचारलं की ती म्हणायची, “अजून लागत नाही गं.” चला, झोंबत नाहीये म्हणजे बरंच आहे, असं म्हणून मी फोन ठेवायचे.

मग एकदा घरी गेले. दारातच त्या तेलाचा असा भपकारा आला, की डोळ्यांतून पाणी. मावशीच्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

“बघू.”

“राहू दे गं. आत्ताच बांधलंय.”

मी ऐकते थोडीच! मनगट धरून फडकं सोडलं, तर फडक्याबरोबर कातडी निघून आली. आत लालभडक, ओलं. मी मटकन खाली बसले.

“अगं, काय करून घेतलंस हे? किती तेल घालतेस?”

“आता अर्धा चमचा.”

“आग होत नाही?”

“होते की! जीव जातो नुसता. पण नर्सबाईच म्हणाल्या ना, लागत नसेल तर वाढवा? चट्टा होता तसाच. औषध लागतच नव्हतं, मग वाढवत गेले.”

नर्सबाईंनी सांगितलं होतं झोंबण्याबद्दल, आणि हिने धरलं गुण येण्याबद्दल! एका शब्दापायी बाईने स्वतःचा हात भाजून घेतला होता, आणि वर मला चहा टाकायला उठत होती.

तसंच ओढत तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर हाताकडे बघतच राहिले. “इतकं सहन कसं केलंत?”

“लवकर बरं व्हायचं होतं,” मावशी म्हणाली. “पोरगं झोपत नाही हो माझ्याशिवाय.”

नर्सबाईंनी तोंडावर हात धरला. आधी भाजलेलं भरून येऊ द्यायचं, मग नुसतं मलम, असं ठरलं. तेलाचं नाव कुणी काढलं नाही. त्यात महिने गेले.

अखेर डॉक्टरांनी हात स्वच्छ म्हटलं. मावशी इस्त्रीचे कपडे घालून पाळणाघरात निघाली, आणि मी सोबत. पुढच्या खोलीच्या मधोमध गोळा उभा होता, कुणाचाही आधार न घेता. मावशीने तिथेच गुडघे टेकले. “ये रे माझ्या राजा!”

त्याने टक लावून पाहिलं. खालचा ओठ थरथरला. मग दुडूदुडू पळत तो खोलीतल्या दुसऱ्या बाईकडे गेला आणि तिच्या साडीत तोंड लपवून रडायला लागला. ही बाई मावशीच्या जागी मधल्या काळात आलेली. तिने सवयीने त्याला उचललं, पाठीवर थोपटलं.

मावशीचे हात पसरलेलेच होते.

ती बाई तिच्याकडे बघून समजुतीने हसली. “मनाला लावून घेऊ नका हं. नवीन माणूस दिसलं की तो असंच करतो.”